पट्टा सुटण्यापूर्वी : पवईच्या वस्त्यांतील पाळीव प्राणी आणि शेजारधर्म

मुंबईतील प्राणिकल्याणाचा इतिहास लिहायचा झाल्यास तो बहुतांशी रस्त्यावरच्या आणि संस्थेत आणून ठेवलेल्या जनावराचा इतिहास ठरेल. घरातल्या, त्यातही गरिबाच्या घरातल्या, जनावराच्या वाट्याला त्यात फार थोडी पाने येतील. जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचा व्यवहार ठप्प झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ, म्हणजे निरुपयोगी झालेल्या, जखमी किंवा बेवारस जनावरांना मरेपर्यंत सांभाळणारी धर्मादाय संस्था, उभी राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मंडळी शहरात स्थापन झाली, पुढल्या दशकभरात परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. या सगळ्या उपक्रमांचे मोल निर्विवाद आहे. मात्र त्यांच्यामागचे गृहीतक एकच होते, आणि ते असे की दुःखात असलेले जनावर उचलून संस्थेच्या आवारात आणावे, तेथे त्याची सेवा करावी. ज्या घरातून ते जनावर निघाले त्या घराचे काय बिघडले होते आणि ते वेळीच सावरता आले असते का, हा प्रश्न जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कोणी गांभीर्याने विचारलेला दिसत नाही.

पवईत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण येथे दोन मुंबई एकमेकींना खेटून राहतात. १८९१ मध्ये बांधलेला आणि पिण्याच्या पाण्यासाठी लवकरच निरुपयोगी ठरलेला तलाव, १९५८ मध्ये सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि १९८०च्या दशकापासून खाणींच्या व टेकड्यांच्या परिसरात वाढत गेलेली उंच इमारतींची वसाहत ही पवईची बाहेर दिसणारी ओळख आहे. तिच्या कडेकडेने फिल्टरपाडा, मोरारजीनगर, फुलेनगर, हनुमाननगर, चैतन्यनगर, तुंगा गाव अशा वस्त्या पसरल्या आहेत आणि त्या इमारतींमधली धुणीभांडी, पहारा, वाहने हाकणे, बांधकाम ही कामे प्रामुख्याने या वस्त्यांतील माणसे करतात. कुत्र्यांच्या बाबतीतही हे नाते तसेच आहे. इमारतीतील लॅब्रॅडॉरला किंवा हस्कीला पहाटे पट्टा लावून फिरवणारा तरुण बहुधा वस्तीतला असतो, आणि त्याच्या स्वतःच्या दाराशी एक गावठी कुत्रा बसलेला असतो, ज्याला कोणी विकत घेतलेले नसते, ज्याचा परवाना नसतो, पण ज्याला नाव असते आणि जो आपले घर कोणते हे चुकत नाही. कार्यकर्त्यांच्या बोलीत या देशी कुत्र्याला ‘इंडी’ म्हणतात; वस्तीत तो ‘आमचा मोती’ किंवा ‘आमचा टायगर’ असतो.

हा कुत्रा कायद्याच्या दृष्टीने कोणत्या वर्गात बसतो, हे ठरवताना घोटाळा सुरू होतो. केंद्र सरकारने १० मार्च २०२३ रोजी लागू केलेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत कुत्र्यांचे दोन वर्ग मानले आहेत : पहिला पाळीव, म्हणजे ज्याला व्यक्तिशः मालक आहे तो, आणि दुसरा रस्त्यावरचा, ज्यात बेवारस, सोडून दिलेले व वस्तीने सामुदायिकरीत्या सांभाळलेले देशी कुत्रे येतात. दुसऱ्या वर्गातील कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. पहिल्या वर्गातील कुत्र्यांच्या बाबतीत ती सर्वस्वी मालकाची आहे. कागदावर ही विभागणी निर्दोष दिसते, पण दिवसा गल्लीत फिरणारा, रात्री घरात झोपणारा, तीन घरांच्या भाकरीवर वाढलेला आणि एका घराला आपले मानणारा कुत्रा तिच्यात बसत नाही. ‘हा माझा आहे’ असे मालकाने म्हटले की महापालिकेची मोफत सोय हातची जाते; ‘माझा नाही’ असे म्हटले की गाडी त्याला घेऊन जाईल आणि परत कोठे सोडील याची धास्ती लागते. त्यामुळे पुष्कळ घरे काहीच म्हणत नाहीत, आणि त्या मौनाची किंमत कुत्री पिल्लांच्या रूपाने वर्षातून दोनदा चुकवते.

ज्या कामाची येथे चर्चा आहे ते नेमके या फटीत चालते. प्राणी ज्या घरात आहे त्याच घरात राहावा, यासाठी त्या घराला अन्न, उपचार, नसबंदी, तात्पुरता आसरा किंवा नुसती माहिती पुरवणे, असे त्याचे वर्णन करता येईल. त्याला मराठीत अजून स्वतंत्र शब्द रूढ झालेला नाही आणि ‘शेजारधर्म’ हा जुना शब्द असताना नव्याची निकडही दिसत नाही. पवई, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात पॉज-मुंबई आणि रॉ यांसारख्या संस्थांचे नाव सापडलेला साप, जखमी घार, गटारात पडलेले पिल्लू यांच्या सुटकेसाठी परिचित आहे. घर सांभाळण्याचे काम मात्र अशा संस्थांच्या फलकाखाली कमी आणि ज्यांना सगळे ‘फीडर’ म्हणतात अशा सुट्या माणसांच्या हातून अधिक होते. फीडर म्हणजे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांना खाऊ घालणारा रहिवासी. हळद घातलेला भात आणि कोंबडीवाल्याकडून स्वस्तात मिळणारे पाय, माना, काळीज यांचे मिश्रण डब्यात भरून तो निघतो. रोजच्या फेरीमुळे कोणत्या दारात कोणते जनावर आहे, कोणाची कुत्री गाभण आहे, कोणत्या मांजरीला खरूज झाली आहे, हे त्याला शिधावाटप अधिकाऱ्याहून अधिक नेमके ठाऊक असते.

शहरात या पद्धतीला वळण लावणारे एक जुने उदाहरण आहे. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेने नसबंदी आणि रेबीजविरोधी लसीकरण यांच्या जोडीने जागच्या जागी प्रथमोपचार करण्याची रीत रुजवली; जखमी कुत्र्याला उचलून न नेता, तो जेथे राहतो तेथेच स्वयंसेवकाने जाऊन जखम धुवायची, औषध लावायचे आणि बरे होईपर्यंत परत परत जायचे, असे तिचे स्वरूप आहे. रीत रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी असली तरी तिच्यातले तत्त्व घरालाही लागू पडते, कारण उपचार प्राण्याकडे गेला तर प्राण्याला आपली जागा सोडावी लागत नाही.

जागा सोडावी लागण्याची कारणे पाहिली की त्यांत निर्दयपणा फार क्वचित आढळतो. घरमालक अकरा महिन्यांच्या करारानंतर भाडे वाढवतो आणि नव्या खोलीचा मालक कुत्रा चालणार नाही असे सांगतो. एकट्या म्हातारीला रुग्णालयात ठेवावे लागते आणि मांजराला दूध घालायला कोणी उरत नाही. बाळंतपण जवळ येते आणि नातेवाईक केसांची व जंतांची भीती घालतात. कमावत्याची नोकरी जाते. मुंबईत या सगळ्यांहून मोठे कारण पुनर्वसन हे आहे. झोपडी पाडून रहिवाशांना आधी संक्रमण शिबिरात आणि मग सुमारे तीनशे चौरस फुटांच्या सदनिकेत हलवले जाते, तेव्हा माणसांची पात्रता कागदपत्रांवरून ठरते आणि जनावरांचा उल्लेख कोणत्याही परिशिष्टात नसतो. जमिनीवर मोकळा वाढलेला कुत्रा सातव्या मजल्यावर राहू शकत नाही असे घरच्यांनाच वाटते, नव्या सोसायटीत कोणीतरी तशी सूचनाही लावतो, आणि तो जुन्या जागेच्या पत्र्यांपाशी बसून राहतो. वास्तविक भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे की गृहनिर्माण संस्थेला ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि त्यांना उद्वाहनात मज्जाव करता येत नाही. टोलेजंग इमारतींतील रहिवाशांना हे परिपत्रक तोंडपाठ असते. पुनर्वसन इमारतीतल्या कुटुंबापर्यंत ते पोहोचलेले नसते. अशा वेळी त्या परिपत्रकाची एक छापील प्रत नेऊन देणे हे पोतेभर खाद्य देण्यापेक्षा मोठे साहाय्य ठरते, आणि त्याला खर्च दोन रुपयांचा येतो.

उपचाराचा खर्च ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तिच्यात अंतराचा हिशेब धरावा लागतो. पवईच्या खासगी दवाखान्यांतील दर तेथल्या जागेच्या भावाला साजेसे आहेत. स्वस्त उपचार परळच्या साकरबाई रुग्णालयात होतात, आणि टाटा ट्रस्ट्सने २०२४ मध्ये सुरू केलेले लहान प्राण्यांचे अद्ययावत रुग्णालय महालक्ष्मीला आहे. दोन्ही ठिकाणे पवईपासून वीस किलोमीटरच्या आसपास आहेत. शहर हद्दीत, म्हणजे माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस, रिक्षाला प्रवेश नाही. टॅक्सीचे फेब्रुवारी २०२५ पासूनचे दर धरले तर एका खेपेचे चारशे रुपये होतात, तेही चालक आजारी कुत्र्याला बसू देण्यास तयार झाला तर. पार्व्हो हा पिल्लांना होणारा, रक्ताची हगवण व ओकाऱ्या घडवणारा विषाणूजन्य रोग आहे. त्यात सलग चार-पाच दिवस सलाइन द्यावे लागते, म्हणजे तेवढ्या खेपा आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी. औषध स्वस्त असूनही उपचार महाग का पडतो, याचे उत्तर या वीस किलोमीटरांत आहे. सायंकाळी कामावरून परतणारा स्वयंसेवक पशुवैद्याच्या सल्ल्याने घरीच सलाइन लावतो किंवा आपल्या गाडीतून खेप करतो, तेव्हा तो प्राण्यावर दया करतो असे म्हणण्यापेक्षा शहराच्या रचनेतील एक चूक स्वतःच्या पेट्रोलने दुरुस्त करतो, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

याउलट प्रतिबंधक उपाय अगदी स्वस्त आहेत. जंताचे औषध, गोचिडांवरचे औषध, पार्व्हो व डिस्टेंपर यांची लस आणि वर्षातून एकदा रेबीजची लस एवढ्यावर वस्तीतील कुत्र्याचे आयुष्य निर्धास्त जाऊ शकते. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर हा रोग मुंबईला चांगलाच परिचित झाला. त्यामुळे त्याची लस कुत्र्याला देणे हा त्याच्याबरोबर चिखलात खेळणाऱ्या पोरांच्याही आरोग्याचा भाग आहे. रेबीजच्या बाबतीत तर गोव्याने धडा घालून दिला आहे : तेथे २०१४ पासून घरोघरी आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालली, आणि २०२१ मध्ये ते रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. पाळीव कोणता आणि भटका कोणता याची चर्चा न करता समोर दिसेल त्या कुत्र्याला लस टोचणे, हे त्या मोहिमेचे शहाणपण होते.

नसबंदी करून देणे हा या कामातील सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत अवघड भाग आहे. अवघड अशासाठी की येथे पैशांपेक्षा समजूत आड येते. कुत्रीला निदान एक वेत होऊ द्यावे, नराचे खच्चीकरण केल्यास तो राखण करणार नाही, शस्त्रक्रियेत जनावर दगावते, असे समज पक्के असतात. ते खोडून काढायला पत्रके उपयोगी पडत नाहीत. आदल्या रात्री जनावराला उपाशी ठेवण्यापासून टाके वाळेपर्यंत रोज येऊन पाहणारे माणूस उपयोगी पडते. शेजारच्या घरातली कुत्री शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने पूर्ववत भुंकू लागली की गल्लीतल्या पुढच्या दोन घरांचा विचार बदलतो.

पवईला आणखी एक विशेष आहे, तो बिबट्याचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरे यांना लागून असलेल्या फिल्टरपाड्यासारख्या वस्त्यांत आणि तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात बिबट्यांचा वावर नवा नाही, आणि कुत्रा हे त्यांचे ठरलेले भक्ष्य आहे. उद्यानाच्या परिसरातील बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खात असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. वाघोबाला देव मानणाऱ्या वारली पाड्यांना हे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांना ते कळेपर्यंत साखळीने बांधलेला कुत्रा गेलेला असतो. रात्री कुत्रा दाराबाहेर बांधू नये, उरलेले अन्न व मांसाचा कचरा घराजवळ टाकू नये, एवढे दोन नियम सांगणारा माणूस एकाच वेळी कुत्र्याचे, कुटुंबाचे आणि बिबट्याचेही हित साधतो.

या सगळ्या प्रयत्नांवर घेतला जाणारा ठरावीक आक्षेप असा की ज्याला परवडत नाही त्याने जनावर पाळू नये. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बाजारातून विकत आणलेला कुत्रा असतो, आणि त्या कुत्र्यापुरता तो खराही आहे. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून पग लोकप्रिय झाला आणि पुढे अनेक वर्षे हौसेने घेतलेले पग रस्त्यावर सापडत राहिले, ते काही वस्तीतल्या घरांनी सोडलेले नव्हते. वस्तीतला प्राणी आणला जात नाही, तो येतो. पावसात पिल्लू दारात येऊन बसते, घरातले मूल त्याला भाकरी घालते आणि महिन्याभरात ते घरचे होते. त्या घराला ते परवडत नाही असे ठरवून तेथून उचलले, तर ते जाणार कोठे? २०१४च्या गणनेत मुंबईत ९५ हजारांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. आश्रयगृहांतील जागा त्या मानाने नगण्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील सर्व कुत्री उचलून आश्रयगृहात ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांतच त्यात बदल करून नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजची लागण झालेली वा आक्रमक कुत्री वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितले. मूळ जागा हीच अखेर सर्वांत व्यवहार्य जागा असते, आणि त्या जागेवर जर एक घर आधीच आपणहून उभे असेल तर ते मोडण्यात शहाणपण नाही.

परदेशांत हा विचार निराळ्या वाटेने याच जागी आला आहे. १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री भागातील एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला आणि त्यातून पीडीएसए ही आजची मोठी संस्था वाढली. १९८५ मध्ये कॉर्नवॉलमध्ये सुरू झालेल्या सिनेमन ट्रस्टचे स्वयंसेवक वृद्ध आणि मरणासन्न माणसांचे कुत्रे फिरवून आणतात व मालक रुग्णालयात असेपर्यंत सांभाळतात. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील आश्रयगृहाच्या दारात कार्यकर्ते बसू लागले; कुत्रा सोडायला आलेल्याला नेमकी अडचण काय हे विचारायचे आणि ती दंडाची, लसीची किंवा कुंपणाची असेल तर तेथल्या तेथे सोडवायची, एवढेच त्यांचे काम, आणि पुष्कळ माणसे कुत्रा घेऊन परत जात.

आपल्याकडे श्रीमंताच्या कुत्र्याची सोय मृत्युपत्रातही होऊ शकते. रतन टाटा यांनी ऑक्टोबर २०२४ मधील निधनापूर्वी आपल्या टिटो या कुत्र्याच्या आजन्म सांभाळाची तरतूद करून ठेवल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपतीच्या आणि उद्योगपतीच्या कुत्र्याला जे मिळाले ते मोलकरणीच्या कुत्र्याला मिळावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. पण ती चार दिवस कूपर किंवा राजावाडी रुग्णालयात असताना तिच्या कुत्र्याला कोणीतरी खायला घालावे, ही मागणी फाजील नाही.

स्वयंसेवकांच्या कामातही खोट आहे, आणि ती सांगितली पाहिजे. आखूड साखळीने बांधलेला कुत्रा पाहिला की त्याचे छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकणे, मालकाला राक्षस ठरवणे आणि पोलिसांचा धाक घालून कुत्रा ‘रेस्क्यू’ करणे, म्हणजे सोडवून नेणे, ही रीत मदतीच्या नावाखाली अपमान करते. साखळी आखूड असण्याचे कारण बहुधा दहा बाय दहाची खोली आणि दाराबाहेरून जाणारा रस्ता हे असते, आणि लांब दोरी, गळ्याला न काचणारा पट्टा व दिवसातून दोन फेऱ्या या गोष्टी दमदाटीपेक्षा लवकर जमतात. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीने या बाबतीत काही शिकवले. उपाहारगृहे आणि मटणाची दुकाने बंद झाल्याने रस्त्यावरची कुत्री उपाशी पडली म्हणून परवाने घेऊन बाहेर पडलेल्या फीडरांना वस्तीत माणसेही उपाशी दिसली, आणि ज्या घरात धान्य पोहोचले त्या घरातला कुत्रा आपोआप जेवला. घराला धरून जनावराकडे पाहण्याची दृष्टी ज्यांनी तेव्हा कमावली, त्यांचे काम नंतरही अधिक टिकाऊ राहिले.

कायद्याकडून या कामाला आधार मिळत नाही, हे नमूद करावे लागेल. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पाळलेले जनावर सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेस त्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. म्हणजे आजारी कुत्रा परळला नेण्याच्या टॅक्सीभाड्यापेक्षा तो वाटेत सोडून देण्याचा दंड आठ पटींनी स्वस्त पडतो. दंड वाढवण्याची मागणी दीर्घकाळ होत आहे आणि ती योग्यच आहे. तथापि, दंड कितीही वाढवला तरी त्यातून एकही लस निघत नाही. महापालिकेच्या प्रत्येक विभागात, निदान भांडुप कार्यालयाच्या एस विभागात, आठवड्यातून एक दिवस पाळीव आणि भटक्या असा भेद न करता लस व नसबंदीची नोंदणी करणारे केंद्र असावे, ही त्याहून साधी मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत भार शेजारावरच आहे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेली कुत्री पट्टा तोडून पळतात आणि पळालेली सगळीच परत येत नाहीत. शिवाय याच दिवसांत वस्तीतली कुटुंबे गावी जातात आणि मागे राहिलेल्या जनावराचे काय करावे, हे त्यांना सुचत नाही. पवईच्या इमारतींतून हा अंक वाचणाऱ्यांनी आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना आणि दारावरच्या पहारेकऱ्याला यंदा एवढे विचारावे, की तुमच्या घरी कोणते जनावर आहे, त्याला लस झाली आहे का आणि तुम्ही गावी गेल्यावर ते कोणाकडे राहील.